गावात आज काय आहे?

शनिवारी शेवटचा तास सुटला, की आमच्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी एकच प्रश्न ऐकू येई, "आज काय आहे?" आणि उत्तरही एकच, "काही नाही." नाटक, कुस्ती, गाणे आणि चित्रपट यांचे पिढ्यान्‌पिढ्या वेड असलेल्या कोल्हापुरात हे उत्तर खरे असणे शक्यच नव्हते. कार्यक्रम होते; त्यांची वार्ता आमच्यापर्यंत पोहोचत नव्हती. यातूनच आम्ही चौघांनी जून २०२४ मध्ये शहरातील तरुणांसाठी करमणुकीची माहिती देणारे एक छोटेसे संकेतस्थळ काढले. ते चालविताना काय कळले, ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. संकेतस्थळ तांत्रिकदृष्ट्या कसे उभारतात, याविषयी मी फारसे लिहिणार नाही. नाव नोंदविणे, जागा भाड्याने घेणे आणि तयार साचा बसविणे हे दोन रविवारांचे काम आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते.

या बाबतीत अभ्यासण्याजोगे जुने उदाहरण लंडनचे आहे. टोनी इलियट हा कील विद्यापीठाचा विद्यार्थी. नात्यातील एका वडील बाईंनी वाढदिवसाला दिलेल्या ७० पौंडांच्या भांडवलावर त्याने ऑगस्ट १९६८ मध्ये 'टाइम आउट' काढले. पहिला अंक म्हणजे घडी घातलेला एक मोठा कागद होता. लंडनमध्ये वृत्तपत्रांची वाण नव्हती; परंतु तळघरातले गाणे, छोट्या मंडळींचे नाटक, आडवाटेचा चित्रपट, एवढेच नव्हे तर निदर्शने आणि मोर्चे यांची वेळ व ठिकाण एकत्र देणारे पान तरुणांना हवे होते. १९७१ मध्ये ते साप्ताहिक झाले. सफाई कामगारापासून संपादकापर्यंत सर्वांना सारखेच वेतन, अशी तेथे रीत होती. १९८१ मध्ये याच प्रश्नावरून संप झाला आणि बाहेर पडलेल्यांनी 'सिटी लिमिट्स' हे प्रतिस्पर्धी साप्ताहिक काढले. १९९५ मध्ये 'टाइम आउट' संकेतस्थळावर आले, २००४ मध्ये त्याची मुंबई आवृत्ती निघाली आणि २०२२ मध्ये लंडनचा छापील अंक बंद झाला. कागद गेला, पण यादी राहिली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या पानाचे मोल आधी यादीत होते. लेख, परीक्षणे, मुलाखती हा तिच्यावरचा साज.

आम्ही मात्र नेमके उलटे केले. पहिल्या महिन्यात परीक्षणे लिहिली, कारण परीक्षण लिहिण्यात ऐट असते. यादी भरणे हे कारकुनी काम, म्हणून ते ज्याच्या वाट्याला येई त्याने उरकावयाचे. माहिती कोठून घ्यावयाची? भित्तिपत्रकांच्या छायाचित्रांवरून. एका एकांकिकेची नोंद अशीच टाकली. ती पाहून गारगोटीहून दोघी मुली एस.टी.ने आल्या. नट आजारी पडल्यामुळे प्रयोग दोन दिवस आधीच रद्द झाला होता. हे सभागृहाच्या रखवालदाराला ठाऊक होते, चहावाल्याला ठाऊक होते, फक्त आमच्या संकेतस्थळाला ठाऊक नव्हते! त्या मुलींपैकी एकीने रात्री आम्हांला निरोप पाठविला. त्यात राग नव्हता. "घरी पुन्हा परवानगी मिळणार नाही," एवढेच लिहिले होते. ते वाक्य आम्हांला चौघांनाही पुरून उरले.

त्यानंतर आम्ही एक वही केली. सभागृहांचे व्यवस्थापक, नाट्यसंस्था, तालमी, चित्रपट मंडळे, गाण्याचे वर्ग अशा सर्वांचे दूरध्वनी क्रमांक तीत लिहिले. दर बुधवारी प्रत्येकाला फोन आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पुन्हा एक फोन. दुसऱ्या फोनवर उत्तर मिळाले नाही, तर आमच्यापैकी कोणीतरी सायकल काढावयाची. नोंदीचे रकानेही बदलले. तारीख, वेळ, ठिकाण हे असतेच. तरुण वाचकाला त्याहून निकडीचे प्रश्न असतात. तिकीट किती? विद्यार्थ्याला सवलत आहे काय? संपते कधी? शेवटची एस.टी. मिळेल काय? वसतिगृहाचे दार ज्या मुलीसाठी साडेआठला बंद होते, तिला नाटक किती वाजता सुरू होते यापेक्षा किती वाजता सुटते, हे आधी कळले पाहिजे. हा रकाना मी अन्यत्र कोठे पाहिला नाही.

'तरुणांची करमणूक' म्हणजे काय, यावरून आमच्यात बरेच वाद झाले. एकाचे म्हणणे, कुस्तीचे मैदान आणि शाहिरी कार्यक्रम वगळावेत, ते वडीलधाऱ्यांचे. त्याला आम्ही खासबागेत नेऊन बसविले. भोवती बसलेल्यांत निम्मे आमच्याच वयाचे पाहून तो गप्प झाला. वयावरून आवड ठरविण्याचा उद्योग आम्ही तेथेच सोडला. प्रवेश कोणाला परवडतो, एवढेच पाहू लागलो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले ते नाट्यगृह, ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळाले. आम्हीही इतरांसारखे तेथे जाऊन उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी संकेतस्थळ उघडले, तर यादीत त्या जागेच्या नावाने प्रयोग तसेच उभे होते. ते पुसताना हात उचलत नव्हता. पण पुसले, आणि वही घेऊन बसलो. कोण प्रयोग रद्द करणार, कोण दुसऱ्या सभागृहात नेणार, हे दर तासाला बदलत होते. आमचे संकेतस्थळ लोकांच्या खऱ्या उपयोगी पडले, असे मला वाटते ते त्या दोन आठवड्यांत.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. वार्षिक खर्च फार नाही; चौघांच्या खिशातून भागतो. पण एका उपाहारगृहाच्या मालकांनी त्यांची शनिवारची संगीताची मैफल यादीत नेहमी सर्वांत वर ठेवण्याबद्दल दरमहा रक्कम देऊ केली. दोघे घ्या म्हणाले, दोघे नको. माझे मत नको असे होते आणि आजही आहे. जाहिरात वेगळ्या चौकटीत, 'जाहिरात' असे लिहून जरूर घ्यावी. परंतु यादीतला क्रम विकला, की पन्नास खुर्च्यांच्या खोलीत विनामूल्य प्रयोग करणारी मुले तळाला जातात, आणि त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप होता. रक्कम नाकारली. या वादापायी आमच्यातला एक चांगला गडी दुरावला, हेही सांगितले पाहिजे. संकेतस्थळाची मांडणी त्याचीच होती.

या मार्चमध्ये आमची शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे. पहिल्या वर्षाच्या तिघींनी काम घेण्याची तयारी दाखविली आहे. त्यांनी परवा संकेतस्थळाचा परवलीचा शब्द मागितला. तो दिला, पण आधी वही दिली आणि येत्या बुधवारचे फोन त्यांच्याकडूनच करवून घ्यावयाचे ठरविले. वहीची पाने संपत आली आहेत. नवी वही त्यांनी घ्यावयाची आहे.