सांभाळणाऱ्याला कोण सांभाळील?

शास्त्रवाचन : निर्गम 17:8-13; 1 राजे 19:1-8



ह्या महिन्याचा आपला पाठ वृद्धापकाळी स्मृती गमावलेल्यांविषयी, आणि त्याहून अधिक त्यांच्या उशापायथ्याशी रात्रंदिवस बसणाऱ्यांविषयी आहे.

आमच्या मंडळीतील एक भगिनी बरेच आठवडे उपासनेस आली नाही, म्हणून मी भेटीस गेलो. तिच्या सासूबाईंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. स्वतःच्याच घरात बसून त्या म्हणतात, "मला माझ्या घरी पोचवा." जेवून हात धुतला की शेजारणीला सांगतात, "सून मला उपाशी ठेवते." मी पाचव्या आज्ञेवर चार शब्द बोललो, प्रार्थना केली, चहा घेतला व उठलो. दाराशी ती हळूच म्हणाली, "भाऊ, परवा मी आईंवर हात उगारला. आता प्रभुभोजनाला कोणत्या तोंडाने येऊ?"

मला उत्तर सुचले नाही. घरी परतताना ध्यानात आले की, तू शेवटची रात्रभर कधी झोपलीस, एवढेही मी तिला विचारले नव्हते.

1. हा आजार आहे

आलोइस आल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांकडे 1901 साली एक्कावन्न वर्षांची एक स्त्री आली. तिची स्मृती ढासळत होती. 1906 साली तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात विकृती दिसून आली. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आल्यानेही स्मृतिभ्रंश होतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार आपल्या देशात साठीच्या पुढील सुमारे 88 लाख लोकांना हा विकार असावा, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक.

तेव्हा ह्याला वेड म्हणू नये, बाहेरची बाधा म्हणू नये, आणि कोणाच्या पापाचे फळ तर मुळीच म्हणू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी तसाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने तो विचारच खोडून काढला (योहान 9:1-3). मात्र "म्हातारपणी असे व्हायचेच" असे म्हणून घरी बसणेही चूक आहे. थायरॉईडचा दोष, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, खिन्नता, किंवा काही औषधे ह्यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपाय होऊ शकतो. म्हणून प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

2. जड झालेले हात

रफीदीम येथील लढाईत मोशेचे हात जड झाले. तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी त्याला धीर धरण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी त्याला बसावयास धोंडा दिला व सूर्य मावळेपर्यंत दोहों बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले. एलीया झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला दोष लावला नाही. आधी झोप दिली, मग भाकर व पाणी दिले. बोलणे नंतर झाले.

आपण नेमके ह्याच्या उलट करतो. बोलणे आधी, आणि भाकर व झोप कधीच नाही.

3. गोव्यातील एक धडा

गोव्यात 81 कुटुंबांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत 2008 साली प्रसिद्ध झाला. तेथे घरोघर जाणारे कार्यकर्ते मोठे तज्ज्ञ नव्हते. त्यांना प्रशिक्षण दिले होते व मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यावर देखरेख करीत होते. आजार म्हणजे काय, रुग्ण चिडला वा भटकू लागला तर काय करावे, हे ते घरच्यांना समजावीत व त्यांचे ऐकून घेत. सहा महिन्यांनी असे दिसले की, ज्यांच्याकडे अद्याप कोणी गेले नव्हते त्यांच्यापेक्षा ह्या घरांतील सांभाळणाऱ्यांचे मन अधिक स्वस्थ होते. ह्यासाठी मोठे इस्पितळ लागले नाही. जी माणसे नेमाने दार ठोठावतात, ती लागली. अशी माणसे प्रत्येक मंडळीत आहेत.

4. आपण काय करावे?

(अ) रुग्णाशी वाद घालू नये. "हेच तुमचे घर" असे दहादा सांगून उपयोग नाही. भीती ओळखावी व मन दुसरीकडे वळवावे. दिनक्रम ठरलेला असावा. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवावी. जुनी गीते पुष्कळदा शेवटपर्यंत स्मरणात राहतात. ती सोबत बसून म्हणावीत.

(आ) राग अनावर झाला तर रुग्णाला सुरक्षित बसवून दुसऱ्या खोलीत जावे व कोणाला तरी हाक मारावी.

(इ) दूर राहणाऱ्या भावंडांनी केवळ पैसे पाठवून मोकळे होऊ नये. वर्षातून काही आठवडे येऊन पाळी घ्यावी.

(ई) सांभाळणाऱ्याची झोप उडाली, रडू आवरेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्यालाही डॉक्टरांची गरज आहे. शासनाने 2022 साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. हा विश्वासाचा उणेपणा नव्हे.

त्या भगिनीकडे मी पुन्हा गेलो. हात उगारणे चूकच होते, हे तिला ठाऊक होते; क्षमा आहे, हे मी तिला सांगितले. आणि तिचे हात जड झालेले आम्हाला दिसले नाहीत, ही आमची चूकही कबूल केली. आता महिला मंडळातील दोघी बुधवारी व शनिवारी दुपारी सासूबाईंजवळ बसतात, आणि सून निजते. तिच्या यजमानांनी रात्रीची पाळी वाटून घेतली आहे. सासूबाई अजूनही "घरी पोचवा" म्हणतात. सून म्हणते, "जाऊ या हं आई, आधी चहा घेऊ." गेल्या प्रभुभोजनाच्या रविवारी ती आली होती, शेवटच्या बाकावर.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत असे कोणते घर आहे, जेथून कोणीतरी उपासनेस येईनासे झाले आहे? आपण कारण विचारले काय?
2. अहरोन व हूर ह्यांनी केले ते आपल्या गावात कोणत्या रूपाने करता येईल?
3. ह्या आठवड्यात कोणत्या दिवशी, कोणत्या घरी, आपण दोन तास देऊ शकाल?