इंजिनाखालचे चिलखत : साहसी मोटारसायकलीसाठी बॅश प्लेटची निवड

मनालीहून लेहला अथवा ग्राम्फूहून काझाला मोटारसायकलने जाण्याची आकांक्षा आज देशाच्या सर्व भागांतील तरुण, तसेच प्रौढ वाहनचालकही बाळगतात. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये बाजारात आली, हीरोची एक्सपल्स २०१९ मध्ये, तर केटीएमची ३९० अॅडव्हेंचर २०२० मध्ये. या वाहनांमुळे खडतर मार्गांवरील प्रवास अनेकांच्या आवाक्यात आला. अशा प्रवासाची तयारी करताना जाकीट, सामानाच्या पेट्या आणि जादा दिवे यांवर सढळ हाताने खर्च केला जातो. वाहनाच्या पोटाखाली, सहसा दृष्टीस न पडणाऱ्या जागी बसणाऱ्या पत्र्याचा विचार मात्र शेवटी होतो. या पत्र्यास स्किड प्लेट अथवा बॅश प्लेट म्हणतात. त्याची निवड कोणत्या निकषांवर करावी, हे या लेखात पाहावयाचे आहे.

धोक्याचे स्वरूप

हिमालयनच्या ४११ सीसी वाहनाच्या इंजिनाखाली जमिनीपासून २२० मिलिमीटर अंतर असल्याचे निर्मात्याने नमूद केले होते. प्रत्यक्ष प्रवासात हे अंतर कायम राहत नाही. चालक, सहप्रवासी व सामान यांच्या भाराने सस्पेन्शन खाली बसते. पुढील चाक दगडावरून उतरून खड्ड्यात आदळते तेव्हा ते आणखी दबते आणि नेमक्या त्याच क्षणी तो दगड इंजिनाच्या तळाशी येतो. स्पितीच्या वाटेवरील बर्फवितळीच्या नाल्यांमध्ये तर पाण्याखालचा दगड दिसतही नाही.

इंजिनाचे आवरण ओतीव अॅल्युमिनियमचे असते. ते वजनाला हलके असले तरी जोराच्या आघाताने वाकण्याऐवजी तडकते. तळाशी ऑइलचे चेंबर व ऑइल काढण्याचा नट असतो, आणि काही वाहनांत सायलेन्सरची नळीही पोटाखालूनच जाते. चेंबरला तडा गेला की ऑइल वाहून जाते आणि ही बाब ध्यानात न येता वाहन चालवत राहिल्यास इंजिन अल्पावधीत जाम होते. शहरात अशा प्रसंगी गॅरेज जवळ असते. बातल किंवा मोरे मैदानासारख्या ठिकाणी मोबाईलचा संपर्क मिळण्याचीही खात्री नसते; तेथे वाहन मालमोटारीत घालून नेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

अनेक वाहनांना कारखान्यातूनच असा पत्रा बसवलेला असतो. चाकाने उडवलेली खडी व चिखल अडवण्यास तो पुरेसा असतो. परंतु संपूर्ण वाहनाचा भार खडकावर टेकेल तेव्हा तो टिकेलच असे नाही. म्हणून प्रवास कोणत्या मार्गाने होणार, हा पहिला प्रश्न ठरतो. डांबरी रस्ता आणि अधूनमधून कच्ची वाट असा क्रम असेल, तर मूळचा पत्रा बदलण्याची गरज क्वचितच भासते.

धातू आणि जाडी

बाजारात प्रामुख्याने अॅल्युमिनियम, पोलाद व कठीण प्लॅस्टिक अशा तीन प्रकारच्या प्लेट मिळतात. तुलनेसाठी ४० सेंटिमीटर लांब व ३५ सेंटिमीटर रुंद असा सपाट तुकडा घेतल्यास ४ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमचे वजन सुमारे दीड किलो भरते. २ मिलिमीटर, म्हणजे साधारण १४ गेजच्या पोलादी पत्र्याचे वजन सुमारे २.२ किलो, तर ३ मिलिमीटर पोलादाचे ३.३ किलो होते.

पोलाद हे अॅल्युमिनियमपेक्षा ताठ असते, हे खरे. तथापि पत्र्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ४ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा २ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याहून हलका असूनही वाकण्याला अडीच पटींहून अधिक विरोध करतो. केवळ ‘लोखंडी आहे, म्हणजे मजबूत आहे’ हा समज येथे खोटा ठरतो.

पोलादाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. ते स्वस्त असते आणि तुटल्यास लहान गावातील वेल्डिंगच्या दुकानातही जोडता येते. अॅल्युमिनियमच्या जोडकामास आर्गन वायूची यंत्रसामग्री लागते व ती सर्वत्र उपलब्ध नसते. प्लॅस्टिकची प्लेट दगडावरून सहज घसरते, आवाज कमी करते व गंजत नाही. पण तप्त सायलेन्सरची नळी जवळून जात असल्यास ती योग्य नव्हे. किनारपट्टीवरील ग्राहकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. अॅल्युमिनियम व साधे लोखंडी बोल्ट जेथे एकत्र येतात, तेथे खाऱ्या हवेत झीज लवकर होते. तेथे चांगल्या प्रतीचे बोल्ट व वायसर वापरणे हिताचे असते.

आघात जातो कोठे?

निवडीचा खरा कस येथे लागतो. प्लेट आघात नाहीसा करीत नाही. ती तो पसरवते आणि जेथे ती जोडलेली असते, तेथे पोहोचवते. म्हणून प्लेटच्या जाडीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तिच्या जोडणीला आहे.

काही मोटारसायकलींत चेसिसच्या नळ्या पाळण्याप्रमाणे इंजिनाच्या खालून जातात. हिमालयनच्या ४११ सीसी वाहनाची रचना अशीच होती. अशा वाहनात प्लेट त्या नळ्यांना बसवता येते आणि दगडाचा आघात चेसिस सोसते. अनेक आधुनिक वाहनांत मात्र खालच्या नळ्या नसतात. तेथे इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो. अशा वेळी स्वस्त प्लेट इंजिनाच्या आवरणावरील बोल्टांनाच जोडली जाते. मोठा आघात झाला की प्लेट शाबूत राहते, परंतु बोल्टची ओतीव बैठक तुटते. ज्या नुकसानापासून बचाव करावयाचा, तेच नुकसान दुसऱ्या मार्गाने पदरी पडते.

यासाठी प्लेटचा पुढील आधार चेसिसच्या पुढील नळीवर आणि मागील आधार पायटाच्या किंवा मधल्या स्टँडच्या बैठकीवर आहे काय, हे पाहावे. इंजिनावर आधार घेणे अपरिहार्य असेल, तर मध्ये रबरी बुश असावेत. प्लेट व चेंबर यांच्यात किमान बोटभर मोकळी जागा असावी, अन्यथा वाकलेली प्लेटच चेंबरवर आदळेल. बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली असावीत. बाहेर राहिलेली डोकी दगडावर घासून गोल होतात आणि पुढे पान्याला दाद देत नाहीत. पुढील कडा वरच्या दिशेने वळलेली असावी, म्हणजे वाहन दगडात अडकण्याऐवजी त्यावरून घसरते.

दुकानात करावयाची तपासणी

१. प्लेट न काढता ऑइल बदलता येईल अशा जागी छिद्र आहे काय?
२. चिखल व पाणी निघून जाण्यास आणि इंजिनास हवा मिळण्यास पुरेशा खाचा आहेत काय?
३. पुढील सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक अथवा मडगार्ड प्लेटला लागणार नाही ना?
४. प्लेटमुळे जमिनीपासूनचे अंतर किती घटते? पंधरा मिलिमीटर गेले तर २२० चे २०५ उरतात.
५. प्लेट बसवण्यासाठी चेसिस कापणे, भोके पाडणे वा वेल्डिंग करणे आवश्यक आहे काय? तसे असल्यास ती नाकारावी. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांस मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत. शिवाय कर्जावर घेतलेले वाहन हे बँकेकडील तारणही असते.

विमा कोठपर्यंत साथ देतो?

‘विमा आहे, मग प्लेट कशाला?’ असा प्रश्न काही ग्राहक विचारतात. सर्वसमावेशक मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता वाहन चालवल्यास, त्यामुळे वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी विमेदाराचीच असते. तडकलेल्या चेंबरचा खर्च मिळू शकतो. पण ऑइलविना चालवून जाम झालेल्या इंजिनाचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते. म्हणून मोठा आवाज होताच थांबून खाली पाहावे आणि ऑइल गळत असल्यास इंजिन त्वरित बंद करावे. बारीक तडा असल्यास ती जागा पेट्रोलने पुसून, पूर्ण कोरडी करून एम-सील लावल्यास जवळच्या गावापर्यंत पोहोचण्याची आशा असते. अर्थात त्यासाठी एम-सील व दोन लिटर ऑइल सामानात असावयास हवे.

नंतर बसवलेली प्लेट हे जोडसाधन आहे. तिचे मूल्य विमा कंपनीस कळवून पॉलिसीत नोंदवले नसल्यास तिच्या नुकसानीची भरपाई अपेक्षिता येत नाही. प्लॅस्टिकच्या भागांवर सर्वसाधारण पॉलिसीत ५० टक्के घसारा वजा होतो, हेही निवड करताना लक्षात असू द्यावे.

जोखीम टाळणे, कमी करणे, दुसऱ्याकडे सोपवणे आणि स्वतः सोसणे, असे तिच्या व्यवस्थापनाचे चार मार्ग वाणिज्यशास्त्रात सांगितले जातात. बॅश प्लेट जोखीम कमी करते आणि विमा ती काही अंशी सोपवतो. या दोन्ही उपायांनंतर उरलेली जोखीम चालकाच्या माथी राहतेच. ती टाळण्याचे साधन म्हणजे वेग. ताशी २० किलोमीटरऐवजी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा चौपट असते आणि कोणत्याही प्लेटची जाडी त्या प्रमाणात वाढवता येत नाही. नाला ओलांडावयाचा असेल तर तो शक्यतो सकाळी, बर्फ वितळून पाणी चढण्यापूर्वी ओलांडावा. दिवसाचा प्रवास संपल्यावर प्लेटचे बोल्ट हाताने तपासावेत आणि आत साचलेला चिखल काढावा. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात, आणि ऑइलचा पहिला थेंबही याच वेळी नजरेस पडतो.