निरनिराळ्या पंथांचें देणें आणि आपला विश्वास

वाचावयाचा भाग : १ करिंथ, अध्याय ३.

करिंथ येथील मंडळींत कोणी स्वतःस पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. हें भांडण मिटवितांना प्रेषितानें एकाचीही बाजू उचलून धरली नाहीं. तुम्ही या शिक्षकांचे नसून हे सर्व शिक्षकच तुमचे आहेत, असा त्याच्या म्हणण्याचा भाव आहे. आणि तुम्ही मात्र ख्रिस्ताचे आहां, हें तो लागलीच जोडतो. यांतील पहिली गोष्ट आजकाल पुष्कळांस आवडते. दुसरी वाचावयाची राहून जाते.

आपल्या खेड्यांतील बहुतेक कुटुंबांनीं आपला पंथ स्वतः निवडलेला नाहीं. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगराकडे, स्कॉच मिशन पुणें, जालना, नागपूर या बाजूस, अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन कोल्हापुराकडे, अशीं क्षेत्रें पूर्वीं वांटलेलीं होतीं. ज्या गांवीं जें मिशन आलें, तोच त्या गांवचा पंथ झाला. आजानें ज्या विहिरीचें पाणी प्यालें, तीच नातवाची. परंतु नातू आतां कामाकरितां पिंपरीस किंवा ठाण्यास जातो. सकाळीं तो छापील उपासनापद्धतीच्या मंडळींत बसतो, सायंकाळीं पेंटेकॉस्टल बंधूंच्या प्रार्थनेस जातो. पत्नी वसईकडच्या रोमन कॅथलिक घरांतील असली, तर घरांत लेंटचा उपवासही चालतो. तो सुटीस गांवीं आला म्हणजे वडील माणसें आम्हांस विचारतात, "पाळकसाहेब, हा मुलगा नक्की कोणाचा?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं आपल्याच महाराष्ट्रांतील एका बाईंचें उदाहरण पाहूं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन मंडळींत झाला. ज्या भगिनींच्या मठांत त्या राहत, त्यांची अपेक्षा अशी कीं, बाईंनीं त्या मंडळीचें सर्व शिक्षण निमूटपणें स्वीकारावें. बाईंनीं तसें केलें नाहीं. नुकतेंच एका पुरोहितवर्गाचें जोखड मानेवरून उतरलें, आतां दुसऱ्याचें कां घ्यावें, असा त्यांच्या १८८५ सालच्या पत्रांतील सूर आहे. त्रैक्याच्या सिद्धांताविषयींही त्यांस शंका होत्या, व त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. सिस्टर जेराल्डीन यांस हा हट्ट वाटला. आमच्या मतें त्यांत थोडा हट्ट होताही. परंतु उपकारकर्त्यांपाशीं सुद्धां जी बाई खोटें 'होय' म्हणत नाहीं, तिच्या पुढील 'होय'ला किंमत असते.

तें 'होय' १८९१ च्या सुमारास आलें. ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळावयाचा होता, अशा अर्थाचें त्यांनींच पुढें लिहिलें. त्या वेळीं त्यांस साहाय्य झालें तें विल्यम हॅस्लम नांवाच्या पाळकाच्या आत्मवृत्ताचें. हे गृहस्थ १८५१ सालीं कॉर्नवॉलमध्यें स्वतःच उपदेश करीत असतां व्यासपीठावरच पालटले. (उपदेशकांनीं ही गोष्ट विसरूं नये.) आणि हे होते कोण? अँग्लिकनच. जी मंडळी बाईंस जोखडासारखी वाटली होती, तिच्याच एका सेवकाच्या हातून त्यांस ही भेट मिळाली, आणि त्यांनीं ती नाकारली नाहीं.

१८९८ सालीं त्या केझिकच्या सभेस गेल्या. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत संजीवनाची लाट उठली. तेथें मेथॉडिस्ट मिशनरी मिनी अब्राम्स त्यांच्या सोबत होत्या. शेंकडों मुली एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करीत. ही रीत कित्येकांस पसंत नव्हती. बाईंनीं मुलींस पाश्चात्य सांच्यांत घालण्याचें नाकारलें. मात्र अन्य भाषा बोलणें हीच आत्म्याची एकमेव खूण, असा दंडकही त्यांनीं घातला नाहीं. शिवाय जें घेतलें तें शास्त्राशीं ताडून पाहण्याकरितां त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं देवाघरीं जाईपर्यंत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम करीत राहिल्या.

बाईंनीं अनेकांकडून घेतलें, पण सोपें तेवढें घेतलें नाहीं. येथेंच आपला नातू बहुधा चुकतो. मेथॉडिस्टांचीं गीतें त्यास हवीं असतात. परंतु वेस्लीच्या काळीं बाराएक जणांचा वर्ग दर आठवड्यास जमून एकमेकांच्या वर्तनाची चौकशी करी, ती नको. पेंटेकॉस्टल बंधूंची टाळी हवी, त्यांची रात्रभरची प्रार्थना नको. कॅथलिक घराचा उपवास चालतो, त्याबरोबरचें दान व पापकबुली चालत नाहीं. यास मिलाफ म्हणावयाचें कीं बाजार?

कांहीं गोष्टी मिसळतच नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, तेव्हां अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स व कांहीं मेथॉडिस्ट एकत्र आले. (बहुतेक मेथॉडिस्ट बाहेर राहिले, ही खेदाची गोष्ट.) बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा, या दोन्ही रीति तेथें मान्य झाल्या. पण एकाच मनुष्यानें दोन्ही घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. ज्यास बाळपणीं आईबापांनीं मंडळीसमोर देवाच्या हातीं दिलें, तो शहरांत जाऊन पुन्हां पाण्यांत उतरला, तर दोन पंथ मिळाले नाहींत. एकानें दुसऱ्यास रद्द केलें, आणि आईची प्रार्थना फुकट गेली असें त्यानें चारचौघांत जाहीर केलें. मग बॅप्टिस्ट बंधूंकडून त्यानें काय घ्यावें? प्रत्येकानें स्वतःच्या तोंडानें आपला विश्वास कबूल करावा, हा त्यांचा आग्रह. हें त्यास दृढीकरणाच्या दिवशीं आपल्याच मंडळींत करतां येतें, आणि मनापासून करणारे फार थोडे असतात.

तेव्हां मुलगा कोणाचा, हें त्याच्या गीतांवरून ठरवूं नये. त्याचें नांव कोणत्या मंडळीच्या यादींत आहे, तो चुकला तर त्याचा कान धरण्याचा अधिकार कोणत्या पाळकास आहे, तेथील कोणी आजारी पडला तर हा त्याच्या उशाशीं बसतो काय, हें त्यास विचारावें. अशी एक तरी मंडळी तो दाखवूं शकला, तर सायंकाळच्या सभेबद्दल त्याच्यावर रागावण्याचें कारण नाहीं. दाखवूं शकला नाहीं, तर प्रथम त्याला घर शोधून द्यावें. वाद मागाहून करावा. आणि वडील मंडळींनीं आणखी एक करून पाहावें. मुलगा सुटीस आला असतां कौटुंबिक प्रार्थना त्यास चालवूं द्यावी, आणि तो शहरांतून काय शिकून आला तें डोळे मिटून ऐकावें.

पुढील पाठाकरितां रोमकरांस पत्र, अध्याय १४, वाचून ठेवावा.