भाताच्या रोपाचे वय आणि लावणीतील अंतर

कोकणातील बहुतेक भातशेती पावसाच्या पाण्यावर होते. राबातील रोपे तयार असूनही खाचरात चिखलणीपुरते पाणी साचत नाही, किंवा मजूर वेळेवर मिळत नाहीत, आणि लावणी लांबत जाते. रोप उंच झाले म्हणजे ते चिखलात चांगले टिकेल, असे म्हणून पुष्कळ शेतकरी या विलंबाचे समाधान मानतात. परंतु उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे.

रोपाचे वय

सुमारे १२० दिवसांत तयार होणाऱ्या भाताचा ढोबळ हिशेब पाहू. पोटात लोंबी धरल्यापासून ती निसवेपर्यंत सुमारे ३५ दिवस, व त्यानंतर दाणा पक्व होण्यास सुमारे ३० दिवस लागतात. म्हणजे फुटवे येण्याचा काळ पेरणीपासून पहिल्या ५५ दिवसांतच संपतो. २१ दिवसांचे रोप लावल्यास त्याला शेतात ३४ दिवस मिळतात. ४० दिवसांचे रोप लावल्यास अवघे १५ दिवस उरतात, आणि त्यांतील आठवडाभर मुळे धरण्यातच जातो. शिवाय दाट राबात खालच्या पेरांवरील फुटवे दबतात, ते पुढे भरून निघत नाहीत. यास्तव हळव्या व निमगरव्या जातींची रोपे २१ ते २५ दिवसांची असतानाच लावावीत. गरव्या जाती थोडा विलंब सोसतात.

लावणीचे अंतर

१५ × १५ सेंटिमीटर अंतरावर चौरस मीटरमध्ये ४४ चूड बसतात, २० × १५ वर ३३, तर २५ × २५ वर केवळ १६. फार दाट लावणीत ऊन व हवा खेळत नाही, आणि पीक लोळते. फार विरळ लावणीत, विशेषतः हलक्या जमिनीत व हळव्या जातीत, मोकळी जागा भरून काढण्याइतके फुटवे येत नाहीत. म्हणून हळव्या जातींस १५ × १५ व इतरांस २० × १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. भारतात १९५३ पासून प्रसार झालेल्या जपानी पद्धतीने दोरीवरील ओळीची लावणी रूढ केली. तिच्यामुळे कोळपणीही सुलभ होते.

काय करावे?

१. सर्व बियाणे एकाच दिवशी न पेरता ८ ते १० दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत पेरावे. पाऊस लांबला तरी एका हप्त्याची रोपे योग्य वयाची मिळतात.

२. प्रत्येक चुडात २ ते ३ रोपे, २ ते ३ सेंटिमीटर खोल लावावीत. खोल लावणीने फुटवे उशिरा येतात.

३. रोपे जून झालीच, तर अंतर कमी करून चुडात ४ ते ५ रोपे लावावीत. याने नुकसान कमी होते, टळत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक राबाजवळ पेरणीच्या तारखेची पाटी लावून घ्यावी. लावणीचा दिवस रोपाच्या उंचीवरून न ठरवता त्या तारखेवरून ठरवणे, हा बिनखर्चाचा उपाय प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे.