डबलसीट बसल्यावर स्प्रिंगचे काय होते?

मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आघातशोषक, म्हणजेच शॉक ॲब्सॉर्बर, बसविलेले आपण पाहिले असतील. पुष्कळ गाड्यांत त्यांच्या स्प्रिंगच्या एका टोकाशी पायऱ्या असलेले कडे असते. आकड्याच्या पान्याने ते फिरविले की स्प्रिंग एकेक पायरी दाबली जाते. डबलसीट जावयाचे असले की चालक हे कडे फिरवितो आणि "स्प्रिंग कडक केली" असे म्हणतो. स्प्रिंग खरोखर कडक होते काय?

रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही शिकला आहात: स्प्रिंग जितकी दाबावी, तितक्याच प्रमाणात तिचे बल वाढते. समजा, मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून चाक १ मि.मी. वर सरकण्यास २५ न्यूटन बल लागते, आणि चाक एकूण ८० मि.मी. वरखाली होऊ शकते. कड्यामुळे स्प्रिंगा आधीच १० मि.मी. इतक्या दाबलेल्या आहेत. म्हणजे पहिले २५० न्यूटन वजन पडेपर्यंत गाडी हलणारच नाही. गाडीचे स्वतःचे ५०० न्यूटन वजन या स्प्रिंगांवर असेल, तर उरलेल्या २५० न्यूटनने ती १० मि.मी. खाली बसेल. चालकाच्या वजनापैकी ४०० न्यूटन मागे आले की आणखी १६ मि.मी., आणि मागे बसणाऱ्याचे ६०० न्यूटन आले की आणखी २४ मि.मी. एकूण ५० मि.मी. झाले. खड्ड्याचा धक्का घ्यायला आता ३० मि.मी. एवढीच जागा उरली. ती संपली की लोखंडावर लोखंड आपटते आणि धक्का थेट पाठीच्या कण्याला पोचतो.

आता कडे फिरवून स्प्रिंगा आणखी १२ मि.मी. दाबू. तीच माणसे बसल्यावर गाडी ५० ऐवजी ३८ मि.मी. बसेल. पण मागे बसणारा उतरला तर ती किती वर येईल? पूर्वीइतकीच, २४ मि.मी.! १ मि.मी.ला २५ न्यूटन हा आकडा तसूभरही बदललेला नाही. कड्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उचलली जाते. (ज्या स्प्रिंगचे वेढे एका बाजूला दाट असतात, तिला हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही.)

मग कडे कायमचेच वर चढवून ठेवावे काय? मुळीच नाही. चालक एकटा असेल तर गाडी आता जेमतेम १४ मि.मी. बसते. चाक खड्ड्यावरून जाताना त्याला खाली उतरायलाही जागा लागते. ती नसली तर टायर क्षणभर रस्ता सोडतो, आणि अधांतरी टायरला ब्रेक लावून काय उपयोग? म्हणून चालक बसल्यावर गाडी एकूण अंतराच्या सुमारे पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी बसावी, असा ठोकताळा आहे.

हे घरी मोजता येते, मात्र वडीलधारे माणूस सोबत हवे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवा. आसापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर मोजा. नंतर गाडी स्टँडवरून उतरवून चालकाला पाय वर घेऊन बसवा, कोणीतरी हँडल धरा, आणि पुन्हा मोजा. घर्षणामुळे मापात फरक पडतो. म्हणून एकदा गाडी दाबून हळूच सोडून आणि एकदा उचलून हळूच सोडून मापे घ्या आणि सरासरी काढा. कडे फिरविताना गाडी स्टँडवरच असावी आणि दोन्ही बाजू एकाच पायरीवर असाव्यात.

रात्रीचा हिशेब तर याहून महत्त्वाचा. दोन चाकांच्या आसांमधले अंतर १२५० मि.मी. धरा. मागची बाजू २४ मि.मी. खाली गेली की गाडीचे तोंड वर होते. समरूप त्रिकोणांवरून, २५ मीटरवर दिव्याचा झोत २५००० × २४ ÷ १२५०, म्हणजे ४८० मि.मी. वर चढतो. जवळजवळ अर्धा मीटर! समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्या पुढचा रस्ता मात्र अंधारात राहतो. कडे १२ मि.मी. चढविले की ही चूक निम्मी होते. उरलेली निम्मी दिवा किंचित खाली वळवून काढावी लागते.