व्हॉल्व्ह उघडतो कॅम, बंद करते स्प्रिंग

होस्टेलमध्ये गाड्यांचा विषय निघाला की टर्बो, एक्झॉस्ट, ईसीयू यांवर रात्री दोनपर्यंत चर्चा रंगते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर एका वाक्यात निकाल लागतो : "हार्ड स्प्रिंग टाक, इंजिन फिरेल!" मित्रहो, हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी थोडी उजळणी. कॅम व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, पण बंद करायचं काम स्प्रिंगचं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याच्या बेतात असतो तेव्हा त्याचा वेग मारून त्याला परत फिरवावं लागतं. हे बळ कमी पडलं की रॉकर कॅमला सोडून देतो. हाच व्हॉल्व्ह फ्लोट. मग व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, सीटवर आपटतो, उसळतो. वर येणाऱ्या पिस्टनची गाठ पडली तर खेळ खलास!

किती बळ लागतं? गणित करू. समजा लिफ्ट 10 मि.मी. आहे आणि व्हॉल्व्ह क्रँकच्या 240 अंशांत, म्हणजे कॅमच्या 120 अंशांत, उघडून बंद होतो. लिफ्टचा आलेख सोयीसाठी कोसाईनचा धरू. व्हॉल्व्ह, रिटेनर, लॉक, रॉकरचा वाटा आणि स्प्रिंगचं एक तृतीयांश वजन मिळून हलणारं वस्तुमान 100 ग्रॅम. मग पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचं बळ किमान एवढं हवं :

7000 आर.पी.एम. – सुमारे 605 न्यूटन
8000 आर.पी.एम. – सुमारे 790 न्यूटन
9000 आर.पी.एम. – सुमारे 1000 न्यूटन

आर.पी.एम. वाढले 29 टक्के, बळ वाढलं 65 टक्के! कारण त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

आता तुम्ही म्हणाल, मग हार्ड स्प्रिंगच टाकू की! टाका, पण तिची किंमत आहे. तो वाढीव दाब आयडलिंगलाही कॅमच्या टोकावर बसतो. उलट तिथे जास्तच जाणवतो, कारण कमी वेगात जडत्व तो हलका करत नाही. कॅम, रॉकर, सीट सगळंच झिजतं, शिवाय घर्षणात पॉवर जाते.

दुसरा रस्ता वजनाचा. तेच वस्तुमान 80 ग्रॅमवर आणलं तर 9000 ला लागतात 800 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 8000 एवढेच. स्प्रिंगला हात न लावता हजार आर.पी.एम. पदरात! वर निमुळती होत जाणारी बीहाइव्ह स्प्रिंग वापरतात ती यासाठीच : तिच्यावरचा रिटेनर लहान आणि हलका असतो. 2006 च्या कॉर्व्हेट झेड-06 मधल्या सात लिटरच्या पुशरॉड इंजिनाला 7000 आर.पी.एम. झेपले, त्यात टायटॅनियमच्या इनटेक व्हॉल्व्हचा मोठा हात होता.

पण हलकं म्हणजे चांगलंच, असंही नाही. होंडा एस-2000 चं उदाहरण घ्या. ही गाडी 1999 ते 2009 या काळात बनली. तिचं पहिलं इंजिन 1997 सी.सी.चं, रेडलाईन 9000. चौथ्या गिअरमध्ये 9000 ला असताना पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला तर? गुणोत्तरं 1.161 आणि 1.481, म्हणजे इंजिन जातं जवळजवळ 11,500 वर! रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो इंधन तोडतो, पण इंजिनाला फिरवतात चाकं. लागणारं बळ 1.6 पट होतं, फ्लोट होतो आणि तडा जातो तो रिटेनरला. लॉक त्यातून ओढले गेले की व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये. म्हणून या गाडीचे अनेक मालक नंतरच्या 2.2 लिटर इंजिनातले जास्त मजबूत रिटेनर बसवतात. पॉवर एका घोड्यानेही वाढत नाही, इंजिन मात्र वाचतं.

सुटे भाग जुळवताना मी चार गोष्टी तपासायला सांगेन. प्रत्येक स्प्रिंगची बसवलेली उंची मोजा, एकीवरून सोळांचा अंदाज नको. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा उरलीच पाहिजे. रिटेनरचा तळ गाईडच्या सीलला लागत नाही ना, ते पहा. आणि कॅम बदलला असेल तर पिस्टनच्या माथ्यावर मऊ क्ले ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. हेड काढा, क्ले कापून जाडी मोजा. साधारण इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मि.मी. अंतर हवं.

आपल्याकडे स्पर्धेची गाडी करणाऱ्या टीमजवळ इंजिन एकच असतं, तेही वर्गणीतून आलेलं. म्हणून शेवटचं एक सांगतो. ड्रायव्हरकडून चुकीचा गिअर पडला आणि इंजिन किंचाळलं, तर "चालू आहे ना, मग ठीक आहे" असं म्हणू नका. तडा गेलेला रिटेनर कित्येक किलोमीटर निमूटपणे काम करतो आणि मग एकदम सुटतो. ड्रायव्हरने लपवू नये, टीमने ओरडू नये. व्हॉल्व्ह कव्हर उघडा, टॉर्च घ्या आणि एकेक रिटेनर नीट पहा. तासाभराचं काम आहे.