पोट दुखते, पण कुठे?

२०१४ सालची गोष्ट. सहामाही परीक्षा चालू होती. सातवीतला एक पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘गुरुजी, पोट दुखतंय.’ ‘कुठं रे?’ म्हटले, तर त्याने बेंबीवर हात ठेवला. गणिताचा पेपर होता. मला वाटले, सोंग करतो आहे. चिमूटभर ओवा देऊन त्याला परत बसवला.

दुपारी पाहतो तो पोरगा कमरेत वाकलेला. हात बेंबीवरून खाली, उजवीकडे गेलेला. डबा तसाच. एक उलटीही झाली. मग मात्र मी घाबरलो. त्याच्या बापाला बोलावून आम्ही तालुक्याचा दवाखाना गाठला. रात्रीच ऑपरेशन झाले.

हा अपेंडिक्सचा आजार. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे करंगळीसारखी एक पोकळ शेपटी असते. पुस्तकात तिला आंत्रपुच्छ म्हणतात. आपण अपेंडिक्सच म्हणू. तिचे तोंड बुजले की ती सुजते, आत पू होतो. दुखणे बहुधा बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरते. भूक जाते, मळमळते, बारीक ताप येतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाया यांचे दुखणे नेहमी असेच चालेल असे नाही.

आपल्याकडे पोट दुखले की एरंडेल पाजतात, पोट चोळतात, शेकतात. येथे तसे मुळीच करू नका. शेपटी फुटली तर घाण पोटात पसरते आणि जिवावर बेतते. फुटल्यावर दुखणे घटकाभर कमीही होते बरे का! तेव्हा ‘उतार पडला’ म्हणून घरी बसू नका. डॉक्टर पाहीपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.

पोरगा घरी आल्यावर बापाने दवाखान्याचा कागद माझ्याकडे वाचायला आणला. त्यावर इंग्रजी ‘के’ अक्षर आणि पुढे ३५.३ असे होते. त्याला तो खाटेचा नंबर वाटला. तो आजाराचा नंबर. जागतिक आरोग्य संघटनेने सर्व आजारांची यादी केली आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत ‘के’ म्हणजे पचनाच्या अवयवांचे आजार, ३५ म्हणजे एकाएकी सुजलेले अपेंडिक्स. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तरी पुष्कळ कागदांवर अजून दहावीचेच नंबर असतात. विम्याचे पैसे मागताना कागदावरचा नंबर अर्जात बरोबर उतरला आहे ना, ते पाहावे.

आणि ठिपक्यापुढचा ३? सूज अपेंडिक्सबाहेर, पोटाच्या आतल्या पडद्याला लागली होती. ते मी बापाला वाचून दाखवले. ओव्याचेही सांगितले.